थर्ड इयरची एक सेम जर्मनीत – लेकीला पाठवावं का?

मेघना_डोंबिवली

नमस्कार मंडळी. घरात तीन आठवडे एकच विषय चालू आहे. आता बाहेरच्या माणसांचं ऐकावंसं वाटतंय, म्हणून हा धागा.

मुलगी मुंबईतल्या कॉलेजात मेकॅनिकलला आहे, सेकंड इयर संपत आलंय. कॉलेजचा जर्मनीत आखेनच्या विद्यापीठाशी करार आहे आणि त्यातून तिची एका सेमसाठी निवड झाली. जायचं ऑक्टोबरमध्ये. तिकडे शिकवणीची फी नाही, इथली नेहमीची भरायची. पण राहणं, खाणं, विमा, व्हिसा, विमानाचं तिकीट सगळं आपल्याकडे. कागदावर मांडलं तर सात लाखांच्या आसपास जातं.

यांचं म्हणणं असं की पाच महिन्यांत शिकून काय होणार? आधी गेलेली मुलं इन्स्टावर पॅरिस, प्राग आणि ॲमस्टरडॅमच टाकतात. फिरायलाच पाठवायचं असेल तर तसं सरळ सांग, म्हणतात. शिवाय पुढच्या वर्षी प्लेसमेंट.

माझी काळजी निराळी आहे. ही कधी एक रात्र हॉस्टेलला राहिलेली नाही. रोज ७:५२ची फास्ट पकडून दादर, संध्याकाळी परत, आल्या आल्या "आई, खायला काय?" एवढंच तिचं जग. ती मात्र ठाम आहे. ज्यांची मुलं गेली आहेत किंवा जे स्वतः गेले होते त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अभियंता_ठाणे

ताई, फिरण्याचं नंतर बघू. आधी दोन्हीकडची कॅलेंडरं शेजारी ठेवा.

जर्मनीत हिवाळी सेम कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात. परीक्षा त्यानंतर, कधी कधी मार्चमध्येही. आपली पाचवी सेम जुलैत सुरू होते आणि सहावी जानेवारीत. म्हणजे तुमची मुलगी तिकडे परीक्षा देत असेल तेव्हा इथे सहावीचे दोन महिने होऊन गेलेले असतील. हजेरी, टर्म वर्क, सबमिशन या सगळ्यांचं काय होणार हे आत्ताच विचारा.

दुसरं क्रेडिटचं. तिकडे एका सेमचे साधारण ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिटं) धरतात, एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. जाण्याआधी लर्निंग ॲग्रीमेंट होतं. त्यात तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार, हे एकेक करून लिहून दोन्हीकडच्या सह्या लागतात. मी २०१६ मध्ये असाच गेलो होतो. दोन विषयांबद्दल आमचे एचओडी तोंडी "हो हो, होऊन जाईल" म्हणाले. मी परत येईपर्यंत ते बदलून गेले होते आणि नव्यांनी कागद मागितला. माझ्याकडे कागद नव्हता. ते दोन्ही विषय मी फायनल इयरला केटीसारखे पुन्हा दिले, प्लेसमेंटच्या धामधुमीत. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. सहीशिवाय तिकीट काढू नका.

स्नेहल_घाटकोपर

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडेही असंच झालं होतं, फक्त विषय एक होता.

सानिका_एस

काकू, मी मागच्याच वर्षी ड्रेस्डेनहून एक सेम करून आले, म्हणून लिहिते. अभ्यासाचं आधी.

तिकडे बहुतेक विषयांना इंटर्नल नावाचा प्रकार नव्हता. सेमभर कोणी काही मागत नाही, हजेरीही नाही, आणि शेवटच्या एका पेपरवर सगळं अवलंबून. आपल्याला असाइनमेंट, युनिट टेस्ट, व्हायवा यांची सवय असते, कोणीतरी सतत मागे लागलेलं असतं. तिकडे कोणीच मागे लागत नाही आणि पहिले दोन महिने त्यातच वाहून जातात. मार्क उलटे असतात : १.० सगळ्यात चांगला, ४.० पास, ५.० नापास. आणि प्रत्येक पेपरसाठी वेगळं नाव नोंदवावं लागतं, मुदतीच्या आत. विषय घेतला म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही. माझ्या बरोबरच्या एका मुलाचा एक पेपर फक्त नाव नोंदवायचं राहिलं म्हणून गेला.

वेळापत्रकात १० च्या पुढे सी.टी. लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला. मी पहिल्या दिवशी पावणेदहाला जाऊन रिकाम्या वर्गात अर्धा तास बसले होते.

पण मी तिकडे जे मशीन डिझाइन शिकले ना, तो विषय मला इथे कधीच आवडला नव्हता. तिकडे प्रोफेसर गिअरबॉक्स टेबलावर ठेवून उघडायला सांगायचे. हाताला ग्रीस लागल्यावर कळलं की बेअरिंग तिथे का असतं.

पार्लेश्वर

मी साहेबांच्या बाजूने. राग मानू नका.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सलाही शिकवणीची फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमला १५०० युरो आहे, असे अपवाद ध्यानात ठेवा). मग हेच सात लाख दोन वर्षं राखून ठेवा आणि डिग्री हातात आल्यावर मास्टर्सला पाठवा. तेव्हा ती बावीस वर्षांची असेल, पदवी मिळेल, तिकडे नोकरी शोधता येईल. एका सेमची पदवी नसते, मार्कशीटला चार ओळी वाढतात. मध्यमवर्गीय घरात सात लाख ही लहान रक्कम नाही, आणि "अनुभव" या शब्दावर खर्च करताना बापाने दहा वेळा विचार करावा यात काही चूक नाही.

रानवारा

पार्लेश्वर, तुमचं पैशाचं म्हणणं पटतं, निष्कर्ष पटत नाही. उलट मास्टर्सचा विचार असेल तर आत्ताच पाठवावं.

माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी असाच पाच महिने गेला होता. जाताना घरात ठरलेलंच होतं की बी.ई. झालं की एम.एस., बँकेचे फॉर्मही आणून ठेवले होते. परत आल्यावर चार दिवसांनी, मी मटार सोलत होते, तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मला तिकडे जमलं सगळं, मार्कही बरे आहेत, पण मला तिकडे राहायचं नाही." आज तो पुण्यात आहे आणि खूश आहे. ते पाच महिने नसते तर कर्ज काढून, दोन वर्षं घालवून आम्हाला हे कळलं असतं. माझ्या भाचीचं नेमकं उलट झालं, ती जाऊन आली आणि मग तयारीला लागली ती थांबलीच नाही. दोघांनाही उत्तर मिळालं.

गिरगावचा_दत्ता

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

मेघनाताई, घरातला विरोध ही फार जुनी गोष्ट आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला पीएच.डी.साठी निघाल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. सासरे कोण, तर धोंडो केशव कर्वे. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्यांनाही घरातली सून साता समुद्रापार जाताना जड गेलं. तेव्हा तुमच्या यजमानांना फार बोल लावू नका, काळजी माणसाला कुठेही गाठते. आणि इरावतीबाई तिकडे जाऊन कवट्यांच्या अभ्यासातून गाइडच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला न जुळणारा निष्कर्ष मांडून आल्या, हेही सांगा त्यांना.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचंच. बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, परळच्या चाळीत राहून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. पुढे काही काळ ते बॉनच्या विद्यापीठातही गेले होते. बॉन तुमच्या मुलीच्या आखेनपासून फार लांब नाही, एका रविवारी जाऊन यायला सांगा.

वैशाली_मुलुंड

दत्ताकाका, सुंदर प्रतिसाद. बॉनचं माहीत नव्हतं.

हिशेबनीस

पैशांबद्दल एक गैरसमज दूर करतो. सात लाख "गेले" असं धरू नका.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. जितके महिने राहायचं त्या हिशेबाने रक्कम, सहा महिन्यांना ५,९५२. पैसे मुलीच्याच नावावर असतात आणि महिन्याच्या महिन्याला तिच्या चालू खात्यात येतात. हॉस्टेल मिळालं आणि दुपारचं जेवण मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये केलं, तर यातून पैसे उरतात. बाहेर खोली घ्यावी लागली तर फारसे उरणार नाहीत. म्हणून हॉस्टेलचा अर्ज निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी करा.

मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पाच महिन्यांत भाषा येत नसताना काम मिळेल हे धरून हिशेब मांडू नका. मिळालं तर वर.

पार्लेश्वर

हिशेबनीसांनी बाहेरच्या खोलीचं लिहिलंय म्हणून, माझं मत बाजूला ठेवून, एक सांगतो. कुणी म्हणालं "मी सध्या परगावी आहे, डिपॉझिट पाठव, चावी पोस्टाने येईल," तर एक पैसाही पाठवायचा नाही. पुतण्याचे ८०० युरो असेच बुडाले. फोटो सुंदर होते, भाडं कमी होतं, आणि ती खोली मुळात नव्हतीच.

रानवारा, तुमच्या मुलाचं वाचून विचारात पडलो हे कबूल करतो. असा हिशेब मी केला नव्हता.

कोकमसार

आता जेवणाचं. हा माझा प्रांत आहे!

युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीच नाही. माझ्या लेकीच्या बॅगेत मी साजूक तुपाची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती. निघायच्या आदल्या रात्री नियम वाचला आणि अकरा वाजता बॅग पुन्हा उघडली. ते तूप मग आम्ही दोघांनी महिनाभर वरणभातावर घेतलं आणि दर वेळी तिची आठवण काढली.

काय न्यावं : थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, हळद-तिखट, कोकम, छोटा कुकर. डाळ-तांदूळ तिकडे मिळतात, पोहेही आशियाई दुकानात मिळतात. पण भाजणी मिळत नाही. लेक सांगायची की हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात थालीपीठ लावलं की मजल्यावरची मुलं वास काढत यायची. एका कोरियन मुलीला ते इतकं आवडलं की ती थापायलाच शिकली. थालीपिठाला मधे भोक कशासाठी, हे तिने विचारलं तेव्हा लेकीने रात्री दीडला मला फोन केला.

निशिगंधा_के

कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. अंधाराबद्दल.

डिसेंबरमध्ये तिकडे सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी साडेचारला दिवे लागतात. मी दादरची, पावसाळ्यातसुद्धा इतका काळोख पाहिला नव्हता. रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी सलग चार दिवस खोलीतून बाहेर पडले नव्हते. अभ्यास करतेय असं घरी सांगायची, पण खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीनचं अंतर साडेचार होतं. आई दमून झोपायची तेव्हा माझी संध्याकाळ असायची आणि बोलायला कोणी नसायचं.

बाहेर कशी आले? विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेले, मोफत होतं आणि इंग्रजीत बोलता येत होतं. आणि दर बुधवारी कोरसला जायला लागले, गाता येत नसताना. मेघनाताई, तिला सांगा की असं वाटलं तर लपवायचं नाही. आणि "कशी आहेस" असं विचारू नका, त्याला उत्तर "मस्त" असंच येतं. "आज दिवसा बाहेर पडलीस का" असं विचारा.

मेघना_डोंबिवली

निशिगंधा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला आणि डोळे भरून आले. ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

सगळ्यांचे आभार. यांनाही धागा दाखवला. शांतपणे वाचला, हिशेबनीसांचं आणि दत्ताकाकांचं तर मोठ्याने वाचलं. पण फिरण्यावर गाडी अजून अडली आहे. पाच महिन्यांत मुलं नेमकी किती फिरतात? अभ्यास बुडतो का? आणि एका व्हिसावर हे सगळे देश चालतात?

रेल्वेवेडा

जर्मनीचा नॅशनल व्हिसा असेल तर शेंगेनमधल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून डब्लिन बुक करणारी मुलं दर वर्षी भेटतात.

आखेनची मजा ऐका. बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन्ही सीमा गावाला लागून आहेत. सिटी बसने फाल्सला गेलात की नेदरलँड्स आलं. तिथे डोंगरावर तीन देश एका दगडापाशी मिळतात, उंची ३२२ मीटर. इथे हरिश्चंद्रगड चढणाऱ्या मुलीला ती टेकडीच वाटेल! आखेनचं कॅथीड्रल, जिथे शार्लमेन बादशहाला पुरलं आहे, ते १९७८ च्या युनेस्कोच्या अगदी पहिल्या बारा वारसास्थळांपैकी एक. साध्या गाडीने तासाभरात कोलोन. तिथलं कॅथीड्रल १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की थेट समोर उभं. मान वर करून बघताना टोपी पडते.

डॉइचलँड तिकीट नावाचा मासिक पास आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला निघाला, २०२५ मध्ये ५८ होता, नंतर आणखी वाढला. देशभरातल्या लोकल, रीजनल गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. विद्यार्थ्यांचा पास बऱ्याच ठिकाणी सेमच्या वर्गणीतच येतो, ते विचारून घ्या.

सानिका_एस

काकू, काकांना माझा हिशेब सांगा. मी साधारण वीस शनिवार-रविवार तिकडे होते. त्यातले पाच बाहेर गेले. उरलेल्या पंधरांचे फोटो नाहीत, कारण धुणं धुतानाचे फोटो कोण टाकणार? तळघरातल्या मशीनचा नंबर लावणं, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनला देऊन २५-२५ सेंट परत घेणं, महापालिकेत राहण्याचा पत्ता नोंदवणं, विम्याच्या जर्मन पत्राचा अर्थ लावणं. पाच महिने यात गेले आणि मी यातच मोठी झाले.

फिरण्यातली एक गोष्ट सांगते. एकदा एकटीच निघाले होते. मधल्या जंक्शनवर गाडीचे दोन भाग होतात आणि दोन वेगळ्या गावांना जातात, हे मला माहीतच नव्हतं. आपल्याकडे कल्याणनंतर कसाऱ्याची आणि कर्जतची वाट वेगळी होते, पण गाडी अर्धी कापून नेत नाहीत! मी चुकीच्या अर्ध्यात बसले होते. उतरले ते एका छोट्या स्टेशनावर, रात्री पावणेदहा, फलाटावर मी आणि एक आजी. पुढची गाडी तासाने. माझं जर्मन ए-वन, म्हणजे अगदी पहिली पायरी, मॅक्समुल्लर भवनला दोन महिने केलेलं. आजींना इंग्रजी येत नव्हतं. तेवढ्या जर्मनवर त्यांनी मला समजावलं, कागदावर फलाटाचा नंबर लिहून दिला आणि माझी गाडी येईपर्यंत थांबल्या. स्वतःची गाडी त्यांनी सोडली होती, हे मला नंतर लक्षात आलं. तो कागद माझ्या पाकिटात आहे.

त्या रात्री घरी फोन केला नाही. सगळं नीट झाल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर "पोचलीस का" हा रोजचा मेसेज बंद झाला.

स्नेहल_घाटकोपर

सानिका, काटा आला अंगावर.

अभियंता_ठाणे

मूळ प्रश्नाकडे : सहावीच्या दोन महिन्यांचं कॉलेज काय म्हणालं? आणि ती जर्मन आत्ताच सुरू करू दे, जुलै-ऑगस्टपर्यंत थांबू नका. वरच्या गोष्टीत कामाला ए-वनच आलंय.

मेघना_डोंबिवली

उशिरा आले, पण बातमी घेऊन आले.

आम्ही तिघंही कॉलेजात गेलो. अभियंता, तुमचे प्रश्न लिहून नेले होते आणि हे स्वतः एकेक करून विचारत होते. पाचपैकी चार विषय बदली धरायचं लेखी मिळालं. पाचवा इथे उन्हाळ्यात द्यावा लागेल, तेही लेखी. तिकडे मार्चमधली परीक्षा असलेला एक विषय तिने काढून त्या जागी प्रोजेक्ट घेतलं, ते फेब्रुवारीत संपतं. सहावीची राहिलेली प्रॅक्टिकल्स आल्यावर करून द्यायची. हॉस्टेलचा अर्ज भरला आहे, उत्तर यायचंय. प्लेसमेंटची धाकधूक आहेच, ती राहील.

पैशांसाठी माझी एक एफडी मोडतेय. हे म्हणाले, उरलेले परत एफडीत ठेवायचे. मी बरं म्हटलं.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर हे हॉलमध्ये मोबाइलवर नकाशा मोठा करून बसलेले. आखेनहून बॉनला जाताना कोलोनला गाडी बदलावी लागते का ते बघत होते. "आणि ती मधे कापतात का गाडी, विचार त्या मुलीला," म्हणाले.

सानिका, सांगशील? आणि कोकमसार, भाजणी फ्रीजशिवाय किती दिवस टिकते?

सानिका_एस

काका, डब्यावरच्या पाटीवर गावाचं नाव असतं. चढताना ते वाचायचं आणि मग बसायचं. ती निघाली की तिला माझा नंबर मेसेजमध्ये देते.

कोकमसार

डाळी-तांदूळ खमंग भाजून, पूर्ण गार करून दळायला दिली तर तीन महिने आरामात. डब्यात ओला चमचा घालू नको म्हणावं. दोन किलो द्या, मजल्यावरची मुलं येणारच आहेत.